घरची चार मते

पनवेल सोडले की पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो. एक घाटाकडे, पुण्याला. दुसरा कोकणात, पेण-नागोठण्यावरून रोह्याला आणि पुढे महाडला. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म तिथला, १४ जानेवारी १८९६ चा. घराणे रोह्याचे. पनवेल, रोहा, महाड हे सगळे तालुके तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.

१९६९ मध्ये देशमुख भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. देशात तिसरे आले. ज्या राज्यासाठी त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले होते, त्या राज्यातही ते जिंकले नाहीत. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. तो किती दिवस आधी ठरला होता, एवढेच पाहायचे आहे.

जुलै १९५६. मतमोजणीला १३ वर्षे.

केंद्रीय अर्थमंत्री देशमुख राजीनामा देतात. जूनमध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील असे जाहीर केले होते. मंत्रिमंडळाला न विचारता हे ठरले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर मुंबईत झालेल्या गोळीबाराची चौकशीही झाली नाही, ही देशमुखांची तक्रार. गोळीबार झाला तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून झटणाऱ्यांत काँग्रेसचे स. का. पाटील आघाडीवर होते. ही दोन्ही नावे पुढे पुन्हा येणार आहेत.

देशमुख १९५२ साली कुलाब्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेवर गेले होते. राजीनाम्यानंतर महाराष्ट्रात त्यांचा जयजयकार झाला. त्यांनी त्याचे काय केले? काहीच नाही. ते विद्यापीठ अनुदान आयोगावर गेले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला आडवे केले, पण त्या लाटेतून निवडून आलेल्यांत देशमुख नव्हते. त्या वर्षी पनवेलमधून शेतकरी कामगार पक्षाचे तरुण वकील विधानसभेत गेले. दिनकर बाळू पाटील. लोक त्यांना दिबा म्हणत.

काँग्रेसमध्येच राहिलेले यशवंतराव चव्हाण राजीनाम्याच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. देशमुखांनी खुर्ची सोडली, चव्हाणांनी संघटना धरली. माझ्या मते १९६९ चा निकाल इथेच निम्मा लागला होता.

फेब्रुवारी १९६७. अडीच वर्षे.

महाराष्ट्र विधानसभेचा निकाल. जागा २७०. काँग्रेस २०३, शेकाप १९, कम्युनिस्ट १०, प्रजासमाजवादी ८. भारतीय जनसंघ ४. स्वतंत्र पक्ष शून्य.

हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवायचे.

शनिवार, ३ मे १९६९. १०९ दिवस.

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे राष्ट्रपती भवनात हृदयविकाराने निधन. पदावर असताना मृत्यू आलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्याच दिवशी हंगामी राष्ट्रपती होतात. पद भरायला सहा महिन्यांची मुदत आहे.

शनिवार, १२ जुलै. ३९ दिवस.

बंगळूर. काँग्रेसचे संसदीय मंडळ उमेदवार ठरवायला बसते. पंतप्रधान इंदिरा गांधी जगजीवन राम यांचे नाव पुढे करतात. ज्येष्ठांच्या गटाला, म्हणजे सिंडिकेटला, नीलम संजीव रेड्डी हवे आहेत. मत पडते चार विरुद्ध दोन. रेड्डींच्या बाजूला कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण.

चारांत एक मुंबईचा, एक साताऱ्याचा. महाराष्ट्रातल्या २०३ काँग्रेस आमदारांच्या दृष्टीने चव्हाण कोणत्या बाजूला बसले हीच बातमी होती. रोह्याचा उमेदवार अजून चित्रात नाही, आणि राज्याच्या मतांचा मोठा गठ्ठा त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला आहे.

रविवार, १३ जुलै. ३८ दिवस.

गिरी जाहीर करतात की ते अपक्ष म्हणून लढणार.

सोमवार, १४ जुलै. ३७ दिवस.

निवडणुकीची अधिसूचना. अर्ज २४ जुलैपर्यंत, छाननी २६ ला, माघार २९ पर्यंत, मतदान १६ ऑगस्ट, मोजणी २० ऑगस्ट.

बुधवार, १६ जुलै. ३५ दिवस.

इंदिरा गांधी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतात. एकेकाळी हे खाते देशमुखांकडे होते.

शनिवार, १९ जुलै, रात्री ८.३०. ३२ दिवस.

आकाशवाणीवरून पंतप्रधानांचे भाषण. १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आहे. अध्यादेशावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची.

देशमुखांसाठी ही रात्र विचित्र होती. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री तेच होते. १९ जानेवारी १९५६ च्या अध्यादेशाने सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला, तेव्हाही तेच. त्याआधी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. आता त्यांना उभे करू पाहणाऱ्या जनसंघ आणि स्वतंत्र या दोन पक्षांपैकी स्वतंत्र पक्षाचा जन्मच सरकारी मालकीच्या विरोधात झालेला. राष्ट्रीयीकरणाच्या लाटेत, राष्ट्रीयीकरण केलेला माणूस, राष्ट्रीयीकरणाविरुद्धच्या तंबूत. राज्यातला एखादा डावा आमदार त्यांच्याकडे वळण्याची जी काही शक्यता होती ती या रात्रीनंतर उरली नाही.

रविवार, २० जुलै. ३१ दिवस.

गिरी दोन्ही पदे सोडतात. सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती.

सोमवार, २१ जुलै, सकाळी ८.२६. ३० दिवस.

नील आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्रावर. राजकारण वृत्तपत्रांच्या दुसऱ्या बातमीवर जाते. फार दिवस नाही.

गुरुवार, २४ जुलै. २७ दिवस.

अर्जांची मुदत संपते. रिंगणात शेवटी १५ जण राहणार आहेत. त्या वेळी अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे. (दहा-दहा जणांच्या सह्या आणि अडीच हजारांची अनामत ही अट १९७४ ची.) या पंधरांत मराठी माणसे दोन. सी. डी. देशमुख, वय ७३, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार. आणि पां. ना. राजभोज, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जुने नेते, १९५२ साली सोलापूरहून लोकसभेवर गेलेले.

रेड्डींच्या अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही आहे. ही सही पाहून निर्धास्त होणे ही सिंडिकेटची चूक होती.

शनिवार, २६ जुलै. २५ दिवस.

छाननी. हिशेब करायला ही वेळ बरी.

राष्ट्रपती लोक निवडत नाहीत. खासदार आणि आमदार निवडतात, आणि प्रत्येकाच्या मताला किंमत असते. आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या लोकसंख्येवरून निघते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्र ३,९५,५३,७१८. भागिले २७०, भागिले हजार. उत्तर १४६, आणि बाकी ४९५. बाकी ५०० असती तर १४७ धरले असते. खासदाराच्या मताची किंमत ५७६.

आता देशमुखांची बाजू. लोकसभेत १९६७ च्या निकालाप्रमाणे स्वतंत्र पक्षाचे ४४ आणि जनसंघाचे ३५, मिळून ७९ खासदार. मते ४५,५०४. राज्यसभेतली आणि उत्तरेतल्या, गुजरात-ओरिसातल्या विधानसभांतली मते वेगळी. दिल्लीत माणसाला वजन आहे.

महाराष्ट्रात विधानसभेची एकूण मते ३९,४२०. देशमुखांच्या पक्षांचे आमदार ४. गुणिले १४६, म्हणजे ५८४.

एका खासदाराच्या मतापेक्षा ८ ने जास्त. राज्यभर पसरलेल्या आदराची खात्रीची किंमत एवढीच भरते.

अशी गोष्ट एकट्या देशमुखांच्या वाट्याला आलेली नाही. २००० साली अमेरिकेत अल गोर टेनेसी हरले. तिथून ते सिनेटर झाले होते, वडीलही झाले होते. फ्लोरिडाच्या ५३७ मतांवर जग आजही बोलते, पण टेनेसीची ११ मते मिळाली असती तर गोरना फ्लोरिडाची गरजच नव्हती. आपल्याकडे २०१२ मध्ये पी. ए. संगमा मेघालयात मागे पडले, २०२२ मध्ये यशवंत सिन्हा झारखंडमध्ये. कारणे थोडी वेगळी, पण एक धागा सारखा आहे. उमेदवार राजधानीत मोठा होतो आणि तेवढ्या वर्षांत घरची मतदार यादी दुसऱ्याच्या हातात जाते. गोर निदान टेनेसीतून निवडणुका लढवत आले होते. देशमुखांची महाराष्ट्रातली शेवटची निवडणूक १७ वर्षांपूर्वीची.

मंगळवार, २९ जुलै. २२ दिवस.

माघारीची मुदत टळते. देशमुख रिंगणात आहेत.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा.

काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटतात. मागणी साधी आहे: पहिली पसंती देशमुखांना द्या, दुसरी रेड्डींना.

छोटा निर्णय. आकडेमोडीच्या दृष्टीने शहाणपणाचाही. देशमुख तिसरे येणार हे दिसत होते, मग त्यांची मते वाया का घालवायची? पण या भेटीने इंदिरा गांधींच्या हातात कारण दिले. काँग्रेसचा उमेदवार उजव्यांच्या दुसऱ्या पसंतीवर निवडून येणार असेल, तर काँग्रेसवाल्यांनी त्याला बांधील का राहावे? जगजीवन राम आणि फखरुद्दीन अली अहमद निजलिंगप्पांना पत्र लिहून जाब विचारतात. पंतप्रधान रेड्डींसाठी पक्षादेश काढायला नकार देतात.

यातला एक पेच कुलाब्याच्या माणसाला लगेच कळावा. देशमुखांच्या मतपत्रिकेवरची दुसरी पसंती रेड्डींकडे जाणार. रेड्डी कोणाचे? मोरारजींचे आणि स. का. पाटलांचे. मुंबईसाठी ज्यांच्याविरुद्ध देशमुखांनी मंत्रिपद टाकले, त्यांच्याच उमेदवाराच्या खात्यावर त्यांची मते जमा व्हायची होती.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. ५ दिवस.

इंदिरा गांधींचे आवाहन: विवेकाला स्मरून मत द्या. पुढे ते 'अंतरात्म्याचा आवाज' म्हणून ओळखले गेले. उमेदवाराचे नाव घेतलेले नाही. गरजही नाही. रेड्डींच्या अर्जावरची सही आता निव्वळ शाई आहे.

शनिवार, १६ ऑगस्ट. ४ दिवस.

मतदान. महाराष्ट्राचे आमदार मुंबईत मत देतात. विधानभवन तेव्हा अपोलो बंदराजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये होते. वाशीचा पूल अजून नव्हता. पनवेलहून मोटारीने मुंबई गाठायची तर ठाण्याच्या बाजूने वळसा घालावा लागे.

पनवेलचे आमदार दिबा पाटील, शेकाप. मत गुप्त असते. तरी डाव्या विचारांचा, कूळ आणि शेतमजुरांच्या जिवावर उभा राहिलेला पक्ष जनसंघ-स्वतंत्रच्या उमेदवाराला मत देईल असे मानायला काही आधार नव्हता. शेकापच्या १९ आमदारांची मते २,७७४. देशमुखांचा स्वतःचा जिल्हा हा त्याच पक्षाचा बालेकिल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात देशमुखांचा राजीनामा आणि शेकापचे मोर्चे एका बाजूला होते. १ मे १९६० ला राज्य मिळाले आणि ती बाजू संपली. कृतज्ञता हा पक्ष नव्हता, तिला आमदार नव्हते.

चार दिवस मतपेट्या बंद.

बुधवार, २० ऑगस्ट. मोजणीचा दिवस.

दिल्ली. पहिल्या पसंतीची मोजणी.

व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५. संजीव रेड्डी ३,१३,५४८. सी. डी. देशमुख १,१२,७६९.

त्याखाली चंद्रदत्त सेनानी ५,८१४, गुरचरण कौर ९४०, राजभोज ८३१. बाबूलाल मग यांना ५७६, म्हणजे एका खासदाराचे मत. खुबी राम यांना ९४. पाच उमेदवारांना शून्य: ज्यांनी सूचक-अनुमोदक म्हणून सह्या केल्या, त्यांनीही मत दिले नाही.

वैध मतांची बेरीज ८,३६,३३७. विजयाचा कोटा ४,१८,१६९. एकालाही मिळालेली नाहीत. आजवरच्या राष्ट्रपती निवडणुकांत दुसऱ्या पसंतीवर निकाल गेला तो हा एकच.

त्याच दिवशी, पुढच्या फेऱ्या.

तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटायची. शून्यवाले जातात. ९४, १२५, १२५ वाले जातात. राजभोज जातात. सेनानी जातात. गठ्ठे लहान आहेत, फरक पडत नाही.

उरतात तिघे. आता बाद व्हायची पाळी देशमुखांची.

हा गठ्ठा लहान नाही. दिवसभरात बाद झालेल्या सगळ्यांची मिळून मते १,२१,२७४, त्यांतली १,१२,७६९ एकट्या देशमुखांची. निजलिंगप्पांनी मागितले होते तसेच बहुतेकांनी लिहिले आहे. रेड्डींच्या खात्यावर एकूण ९१,८७९ मते वाढतात. गिरींच्या खात्यावर १८,५६२. उरलेल्या १०,८३३ मतांवर दोघांपैकी कोणाचीच पसंती नाही, ती बाजूला पडतात.

रेड्डी ४,०५,४२७.

गिरी ४,२०,०७७.

कोट्याच्या वर १,९०८. महाराष्ट्राच्या १३ आमदारांची मते १,८९८ होतात. दोघांमधले अंतर १४,६५०. महाराष्ट्रातले ५१ आमदार गिरींकडून रेड्डींकडे वळते तर निकाल फिरला असता.

देशमुख अर्थतज्ज्ञ होते. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, मेघदूताचे मराठीत भाषांतर केलेले. वर केलेला ५८४ चा गुणाकार त्यांना २६ जुलैलाच काय, अर्ज भरतानाही येत असणार. तरी ते उभे राहिले. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. जिंकण्याची अट न घालता उभे राहणारी एक पिढी होती, आणि तिचा उपयोग कसा करायचा हे इतरांना नेमके माहीत होते.

रविवार, २४ ऑगस्ट. मोजणीनंतर ४ दिवस.

गिरींचा शपथविधी. रेड्डींविरुद्ध वाटल्या गेलेल्या बदनामीच्या पत्रकावरून प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रपती स्वतः साक्षीला आले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली.

बुधवार, १२ नोव्हेंबर. मोजणीनंतर ८४ दिवस.

काँग्रेस इंदिरा गांधींना पक्षातून काढते. पक्ष फुटतो. बंगळूरला रेड्डींच्या बाजूने मत देणारे यशवंतराव चव्हाण इंदिरा गांधींबरोबर राहतात, आणि महाराष्ट्रातली बहुतेक काँग्रेस त्यांच्याबरोबर.

देशमुखांना १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला त्यांचे निधन झाले. संजीव रेड्डी १९७७ मध्ये राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध.

मराठी माणूस राष्ट्रपती भवनात जायला २००७ उजाडले. प्रतिभा पाटील काँग्रेसच्या उमेदवार होत्या. भाजपबरोबर आघाडीत असलेल्या शिवसेनेने भैरोसिंह शेखावतांना सोडून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मते दिली. १९६९ च्या ऑगस्टमध्ये शिवसेना तीन वर्षांची होती, आणि तिचा पहिला आमदार विधानसभेत पोचायला अजून वर्षभराचा अवकाश होता.